पाणी आलं आणि पाणी उतरलं

पाण्याच्या न्याय्य वाटपावर गेली वीस वर्षं शिकवणाऱ्या एका बाईनं छत्रपती संभाजीनगरच्या एका गल्लीचं पाणी वीस मिनिटं गटारात सोडून दिलं आणि वर शेजारी बसून चहा घेतला. ती बाई मी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं त्या गल्लीबद्दल सांगताना माझा सूर चढणार आहे, आणि वाचणाऱ्याला वाटायचं की बाई फार जाणत्या असाव्यात.

मी राहते तळकोकणात. घरामागच्या डोंगरातून झरा येतो, त्याचा पाट आमच्या पोफळीच्या बागेतून वाहतो आणि मग खाली वाडीकडं जातो. पाणी ही मोजायची वस्तू आहे, हे मी पुस्तकात वाचून शिकले. तरीही, किंवा म्हणूनच, मी टंचाईच्या गावांतून फॉर्म घेऊन हिंडते. पाणी कोण वाटतं, आधी कुणाला मिळतं, उरलंसुरलं कुणाच्या वाट्याला येतं, असे माझे प्रश्न असतात. आमच्या कॉलेजच्या ग्रंथपाल बाई मराठवाड्यातल्या. एकदा डबा खाताना त्या सहज म्हणाल्या, "माझी मावसबहीण राहते ना संभाजीनगरला, त्यांच्या गल्लीत पाणी उलटं चालतं." उलटं म्हणजे कसं, ते त्यांना नीट सांगता येईना. "तुम्हीच जाऊन बघा," म्हणाल्या. परीक्षा संपल्या, पेपर तपासून झाले आणि मी निघाले.

गुलमंडी, मंगळवार

प्रवासाचं काही सांगत नाही. बसमध्ये पाय आखडले, एवढं पुरे.

ग्रंथपाल बाईंची मावसबहीण सुमन काळे गुलमंडीत एका कापडाच्या दुकानात कामाला आहे. तिनं मला थेट दुकानावरच बोलावलं होतं. एका हातानं गिऱ्हाईकासमोर साडीचा पदर उलगडत तिनं दुसऱ्या हातानं मला बाकावर बसायची खूण केली आणि समोरून इमरती मागवली. उडदाच्या पिठाची, पाकात डुंबलेली, बोटं चिकट करून सोडणारी ती इमरती खाता खाता मी दुकानातलं बोलणं ऐकत बसले.

साखरपुड्याचं कापड घ्यायला दोघीजणी आल्या होत्या. "गुरुवार धरलाय," एक म्हणाली. दुसरीनं लगेच विचारलं, "तुमच्याकडं पाणी कधी?" "बुधवारी." "मग बरंय." मुहूर्ताचं कुणी विचारलं नाही. आमच्याकडं लग्नकार्याची तारीख भटजी काढतात, नाहीतर हॉलवाला. इथं ती नळ काढतो. पाणी आठवड्यातनं एकदा, त्यामुळं प्रत्येक वस्तीला आपला पाण्याचा वार पाठ असतो, आणि दोन माणसांची ओळख झाली की तिसऱ्या वाक्याला पाण्याचा वार निघतो. मी सुमनला विचारलं तर ती म्हणाली, "आमचं उद्या. बरोबर वेळेला आलात, मॅडम."

दुपारी पाणचक्की पाहिली. तिच्याविषयी पुष्कळांनी लिहून ठेवलंय, मी भर घालत नाही.

चढाची गल्ली

सुमनची गल्ली शहराच्या टोकाला, डोंगराच्या अंगावर चढत गेलेली आहे. खालून वर अठ्ठावीस घरं. रिक्षा पहिल्या घरापाशीच थांबते, कारण पुढं चढ आहे आणि मधूनमधून पायऱ्या. पहिलं घर सुमनचं. तिचे यजमान ट्रकवर असतात, महिन्यातले पंधरा दिवस बाहेर. खालच्या वीस घरांत बरीचशी शेंद्र्याच्या कारखान्यांत जाणारी माणसं, काही सिल्लोडकडून आलेली मुसलमान कुटुंबं. वरची आठ घरं बौद्धांची. चढ संपतो तिथं अठ्ठाविसावं घर, कौसाबाईंचं.

मी दारातच थबकले ती पाईप बघून. गल्लीच्या कडेनं एक लोखंडी पाईप वर चढत गेला होता, अर्धा खडकात रुतलेला आणि अर्धा उघडा. घराघरापाशी त्याला एकेक फाटा. एवढा चढ पाणी चढतं कसं, असा प्रश्न मला पडला. चौदाव्या घराच्या उंबऱ्यावर रफिकचाचा गादी शिवत बसले होते, त्यांना विचारलं. सत्तरीचे गृहस्थ, दाढीत कापसाचे तंतू अडकलेले. हातातला दाभण न थांबवता ते बोलू लागले.

"मॅडम, नळ मंजूर हुआ तो साहब लोगां बोले, वीस घरापर्यंत देतो, वर चढ आहे, पाणी जाणार नाय. वरच्यांना टँकर." चाचांचं मराठी आणि दखनी असं हातात हात घालून चालतं. "अब खालच्यांचं काय, उनको तो मिल रहा था. पण चर खणायला माणूस कुठंय? सगळा काळा दगड. तो वरची माणसं उतरली. कौसाबाई उतरली, काखेत पोरगं, हातात पहार. बोली, आमी खालपासून वरपर्यंत खणतो. अख्खी गल्ली. फक्त एक कबूल करा."

"काय?"

"चर आमचा, तर पाणी आधी आमचं." चाचांनी दोरा दातानं तोडला. "पाणी चढायचं असंल तर खालचे वीस नळ बंद पायजेत. एक जरी खुला राहिला, तर वर नुस्ती हवा. तेव्हापासून बंद ठेवतो."

"कुणी लक्ष ठेवतं?"

"लक्ष कशाला?" चाचांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. "शब्द दिलेला हाय ना."

मी वहीत सगळं उतरवून घेतलं. वाटेतल्या वीस नळांसमोरून पाणी निघून जातं आणि कुणी हात लावत नाही, हे लिहितानाही मला खरं वाटत नव्हतं. मी आजवर पाहिलेल्या पाणीवाटपात पहिला भरतो आणि शेवटचा वाट बघतो. त्यावर माझी दोन पुस्तकं आहेत. त्या संध्याकाळी जेवताना, येसराच्या, म्हणजे भाजून दळलेल्या तिखट मसाल्याच्या, आमटीनं नाक गळत असताना, मी सुमनला हे सगळं भारावून सांगत होते. ती हसून म्हणाली, "व्हय, पण सकाळी ध्यान ठेवा. पाणी उतरल्याबिगर नळाला हात लावू नका."

मी मान डोलावली. इथंच माझं चुकलं.

बुधवार, पाण्याचा दिवस

पहाटे उजाडायच्या आधी सुमनची लगबग सुरू झाली. पहिल्या घराकडं एक काम असतं. कोपऱ्यावर चावीवाला येऊन व्हॉल्व्ह फिरवतो, तेव्हा पहिल्या घरानं तिथं उभं राहायचं आणि पाणी सुटलं की गल्लीला हाक द्यायची. सुमन कोपऱ्यावर गेली. मी मागच्या मोरीत नळाजवळ स्टूल टाकून बसले. जरा वेळानं तिची हाक आली, "आलं". ती हाक दुसऱ्या घरानं उचलली, मग तिसऱ्यानं, आणि "आलं, आलं" करत ती वर डोंगराकडं गेली. अंगावर काटा आला माझ्या.

आता आमच्या कोकणात "आलं" म्हणजे आलं, घ्या. आणि "उतरलं" म्हणजे ओसरलं. नदीचा पूर उतरतो, ताप उतरतो, पाण्यातला गढूळपणा उतरतो. सुमन म्हणाली होती, उतरल्याशिवाय हात लावू नका. मी अर्थ लावला तो असा की आधी पाईपमधलं लाल, गंजकं पाणी येणार, ते जाऊ द्यायचं, स्वच्छ आलं की भरायचं. चाचांनी आदल्या दिवशी सांगितलेलं सगळं माझ्या वहीत होतं, डोक्यात नव्हतं. पाहुणी म्हणून बसून राहण्यापेक्षा सुमनला मदत करावी, असं वाटून मी तोटी पूर्ण सोडली. लालभडक पाणी भसाभस गटाराकडं निघालं. मी गॅसवर चहा ठेवला, कप घेऊन स्टुलावर येऊन बसले आणि पाणी कधी उतरतंय याची वाट बघू लागले.

ते उतरेना. अर्धा कप झाला तरी लाल. गल्लीत विलक्षण शांतता होती. मला वाटलं, सगळे पाणी भरण्यात गुंतलेत. खरं म्हणजे माझ्या वरच्या एकोणीस घरांत माणसं बंद नळावर हात ठेवून वरच्या हाकेची वाट बघत होती. वरच्या आठ घरांत नळ उघडे होते आणि त्यांतून नुसती हवा येत होती. आणि मी चहा पीत होते.

हाक यायला एवढा उशीर का, म्हणून सुमन घरात आली. मोरीच्या दारात उभी राहिली. ती ओरडली नाही. पुढं येऊन तिनं नळ बंद केला आणि जमिनीवर खाली बसली.

"उतरलं म्हंजे वरून उतरलं, मॅडम," ती म्हणाली. "वरच्यांचं भरून खाली उतरलं."

मी हातातला कप खाली ठेवला.

त्यानंतर थोड्याच वेळात वरून हाक आली. "उतरलं." सत्ताविसाव्यानं ती घेतली, सव्विसाव्यानं घेतली, चढावरून ती घरंगळत खाली आली. सुमननं नळ उघडला. पाणी नितळ होतं. आम्ही ड्रम भरला, रांजण भरला, आणि मी स्वतःची समजूत घातली की बरं झालं, वरच्यांचंही भरलेलं दिसतंय, फार काही बिघडलं नाही.

दहाच्या सुमारास मी माफी मागायला चढ चढून वर गेले. कौसाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. साठीच्या पुढच्या, काटक, मनगटं अजून पहार उचलतील अशी. घरात सूनबाई बाळंतीण होती, आत पाळणा हलत होता. मी बोलायला सुरुवात केली आणि माझी नजर दाराशी ठेवलेल्या निळ्या ड्रमवर गेली. झाकण उघडं होतं. आत तळाला ओल होती, बस.

"मावशी, तुमचं भरलंच नाही?"

"नाय चढलं," त्या तांदळातला खडा टाकत म्हणाल्या. "बाकीच्यांचं थोडं थोडं झालं. माझ्यापर्यंत आलं तवा पार करंगळीएवढं."

"मग तुम्ही हाक का दिलीत?"

"येळ संपत आली व्हती. आनखी धरलं असतं तर खालची वीस घरं कोरडी ऱ्हायली असती." हे त्यांनी दुधाचा हिशेब सांगावा इतक्या साधेपणानं सांगितलं. "आमच्यापायी त्यांनी काहून उपाशी ऱ्हावं?"

मी ओट्यावर बसले. समोर अख्खं शहर पसरलं होतं, मकबऱ्याचे घुमट दिसत होते, आणि हाकेच्या अंतरावर पाण्याची भलीमोठी टाकी उभी होती. वीस वर्षांत मी ज्याची व्याख्या करत आले, ते या बाईनं रिकाम्या ड्रमशेजारी उभं राहून, एक शब्द ओरडून, केलं होतं. मला रडू आलं. कौसाबाईंनी माझ्यासमोर तांदळाचं ताट सरकवलं आणि म्हणाल्या, "बसलाच हाय तर निवडू लागा."

त्याच दिवशी, संध्याकाळ

गोष्ट एवढ्यावर थांबणार नव्हती. संध्याकाळी चाचांच्या घरासमोर माणसं जमली. नवव्या घरातला संतोष शेंद्र्याहून नुकताच आला होता, खांद्यावर अजून कंपनीची बॅग होती. तिशीचा, सरळ बोलणारा.

"मी दोन वर्षं झाली सांगतोय," तो म्हणाला. "माझी बस सहाला कोपऱ्यावर येती. पाणी वर चढून खाली यायला सहा वाजून जातात. बायकोची ड्यूटी रातची, ती आठला घरी येती. आईचे गुडघे गेलेत. भरायचं कोनी? मोटार आणून ठेवलीय, खोक्यात पडून हाय. तुम्ही म्हनता शब्द, म्हनून बसवली नाय. आज पयल्या घरानंच शब्द मोडला. आता मी बसवतो."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण सगळ्यांना ठाऊक होतं की एक मोटार बसली की आठवड्याभरात दहा बसतील. मग पाणी नवव्या घराच्या वर जाणार नाही, आणि वरची आठ घरं कायमची टँकरवर जातील. माझ्या एका नळामुळं. मी उभी राहिले आणि सांगितलं की चूक माझी आहे, सुमनची नाही, या गल्लीतल्या कुणाचीच नाही.

कौसाबाई पायरीवर बसल्या होत्या. "मोडनारा ठरवून मोडतो," त्या म्हणाल्या. "ह्यांना शब्दच कळला नाय."

"शब्द कळला नाय म्हनून पाणी थोडंच वर चढतं, मावशी?" संतोष म्हणाला.

"नाय चढत," कौसाबाईंनी लगेच मान्य केलं. "म्हनून म्हनते, पुढच्या बुधवारी पयला नळ ह्यांच्याच हातात द्या. कळला का नाय ते दिसंल. तवर तू मोटार खोक्यात ऱ्हाऊ दे. मिलिंद वरचं भरून झाल्यावर खाली येऊन तुझ्या आईचा ड्रम भरून देईल." मिलिंद त्यांचा मुलगा, चर खणताना काखेत होता तो. मग त्या माझ्याकडं वळल्या. "थांबता का, बाई?"

माझं परतीचं तिकीट शनिवारचं होतं. "थांबते," मी म्हणाले.

"बगू," एवढंच म्हणून संतोष घरात गेला. चाचा माझ्या कानाशी म्हणाले, "फिकर नक्को करो, मॅडम." पण त्यांचाही चेहरा काही बिनघोर दिसत नव्हता.

मधले दिवस

कौसाबाईंच्या नातीचं नामकरण रविवारी होतं. पाहुणे सांगून झाले होते आणि ड्रम कोरडा.

गुरुवारी सकाळी मी माझ्या वाट्याची भरपाई म्हणून सुमनच्या रांजणातली एक कळशी घेऊन चढ चढू लागले. डोक्यावर घेता येईना, म्हणून कमरेवर घेतली, आणि दहाव्या घरापर्यंत निम्मं पाणी साडीवर सांडलं. मागून चाचांची सून भराभर आली. तिच्या डोक्यावर घागर होती. तिच्या मागं आणखी एक बाई. वळून बघितलं तर गल्लीतून कळशा चढत होत्या. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी ठरवलं नव्हतं. आठ दिवस पुरवायच्या पाण्यातून खालच्या वीस घरांनी एकेक कळशी वर आणून ओतली. नवव्या घरातूनही आली. ती संतोषच्या बायकोनं आणली, रात्रपाळी करून आलेली, डोळे लाल. ड्रम काठोकाठ भरला, तेव्हा कौसाबाईंनी त्यावर झाकण ठेवलं आणि सगळ्यांसाठी चहा टाकला. मी त्या ड्रमकडं देवळातल्यासारखी बघत राहिले, हे कबूल करते.

रविवारी मी गुलमंडीतून बाळासाठी झबलं घेऊन गेले. पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका, त्रिशरण, पंचशील, मग नाव. बाळीचं नाव ठेवलं सुजाता. जेवणात भाकरी, वांग्याची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी, शिवाय चाचांच्या घरून आलेला नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा. हळदीचा तो पिवळा नान मी तीन खाल्ले. हात धुवायला एका बाईनं तांब्यानं पाणी घातलं, इतकं बेतानं की एक थेंब जास्त पडला नाही. घरी मी वाहत्या पाटात हात धुते आणि त्याच वेळी शेजारणीशी गप्पा मारते.

जेवणानंतर ओट्यावर बसून मी कौसाबाईंना त्या पाटाबद्दल सांगत होते. झरा, पोफळी, बारमाही पाणी. जरा फुशारकीनंच सांगत असेन.

"लई भारी," त्या म्हणाल्या. "आधी कोनाच्या घरी जातं?"

"आमच्याच. आमचं घर वर आहे ना."

"आन शेवटी?"

"खाली वाडी आहे. तिथं शेवटचं घर आहे एक."

"काय नाव तिचं?"

मला नाव माहीत नव्हतं. लग्न होऊन त्या घरात येऊन मला पंचवीस वर्षं झाली होती. बारा जिल्ह्यांतल्या शेवटच्या घरांचे फॉर्म मी भरून घेतले होते. कौसाबाई उत्तराची वाट बघत राहिल्या, मग त्यांनी सहज विषय बदलला आणि नातीला माझ्या मांडीवर दिलं.

दुसरा बुधवार

त्या पहाटे मी सगळ्यांच्या आधी उठले. सुमनला विनंती करून आम्ही मोरीतला नळ बांधूनच टाकला आणि मी दारापुढच्या फाट्याच्या नळाशी बसले, म्हणजे गल्लीला मी दिसेन आणि मला गल्ली. वर चढावर घराघरापुढं माणसं येऊन बसत होती. नवव्या घरापुढं संतोष उभा होता, बॅग खांद्यावर, हात नळावर.

कोपऱ्यावरून सुमनची हाक आली, "आलं". मी ती वर दिली. माझा आवाज फाटला, पण दुसऱ्या घरानं उचलला.

मग मी पाईपवर तळवा ठेवला. आधी आतून हवेचा फुसफुसाट आला. मग लोखंड थरथरलं. मग ते माझ्या हाताखाली एकदम गार पडलं. पाणी माझ्या हाताखालून जात होतं. आठ दिवसांनी आलेलं पाणी, ज्यांना ते हवं होतं अशा वीस घरांच्या हाताखालून, कुणाकडं न वळता, अंधाऱ्या डोंगराकडं चढत होतं. गल्लीत आवाज म्हणून नव्हता. वर बघितलं तर नळानळावर हात होते. चाचांचा, त्यांच्या सुनेचा, ज्यांची नावं मला कळली होती आणि ज्यांची नव्हती त्यांचे. मी समुद्र पाहिलाय, हिमालय पाहिलाय. पण मला इतकं लहान आणि इतकं बरं कुठंच वाटलं नव्हतं.

सहा वाजले. कोपऱ्यावर कंपनीच्या बसनं हॉर्न दिला.

सगळी गल्ली नवव्या घराकडं बघत होती, बघत नसल्यासारखं दाखवून. संतोषचा हात नळावरच होता. बसनं दुसऱ्यांदा हॉर्न दिला. तो घरात गेला. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात मोटारीचं खोकं होतं. ते त्यानं नळाशेजारी पालथं घातलं, दाबून बघितलं, आणि आत जाऊन आईला धरून आणलं. तिला खोक्यावर बसवलं. तिचा हात उचलून बंद नळावर ठेवला. "वरून हाक आल्याबिगर सोडू नको," म्हणाला, आणि चढावरून पळत खाली आला. माझ्यासमोरून जाताना त्यानं पाईपवरच्या माझ्या हाताकडं पाहिलं. "धरा नीट, मॅडम," म्हणाला आणि बस गाठली.

म्हातारी दोन्ही हातांनी नळ धरून ताठ बसली होती.

मग वरून आलं. कौसाबाईंचा आवाज मला आता ओळखता येत होता. "उतरलं." सत्तावीस, सव्वीस, पंचवीस. चाचांनी ते आपल्या जाड आवाजात घेतलं. नवव्या घराच्या म्हातारीनं घेतलं. दुसऱ्या घरानं माझ्याकडं बघून म्हटलं, "उतरलं". माझ्या खाली घर नव्हतं, हाक पुढं द्यायला कुणी नव्हतं. तरी मी म्हटलं, आणि नळ सोडला. मिलिंद चढावरून उड्या मारत नवव्या घराकडं येताना दिसला.

घरी

परत आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या पाटाच्या कडेकडेनं खाली चालत गेले. बागेपर्यंत पाणी खळखळत होतं. बागेखाली ते वीतभर झालं, वाडीशी चार बोटं, आणि शेवटच्या घराच्या परसात नुसता चिखल होता. हंडा घासत बसलेली बाई मला बघून गडबडून उठली. तिचं नाव शेवंती. एप्रिल लागला की ती नदीवरून पाणी आणते, दिवसाला चार खेपा. "वरसून इला तर इला," ती म्हणाली. वर म्हणजे आम्ही.

त्या रात्री जेवताना मी घरात सांगितलं. यजमानांनी पोफळी वाळतील म्हणून कुरकुर केली, अजूनही करतात. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बागेच्या तोंडाशी पाटात घालायची फळी आणि गोणपाट त्यांनीच काढून दिलं. मी ते घातलं आणि बागेकडं वळणारं पाणी अडवून धरलं. फळी गार पडली. पाणी माझ्या हातासमोरून खाली निघालं. आमच्या बोलीत पोचण्याला पावणं म्हणतात आणि देव प्रसन्न होतो, त्यालाही तेच म्हणतात. कोणता शब्द द्यायचा ते शेवंतीनं आणि मी आदल्या दिवशी ठरवून ठेवलं होतं. दोन्हीकडं कळेल असाच.

बराच वेळ गेला. मग खालून, झाडीतून, तिचा आवाज आला.

"पावला."

मी फळी काढली.